चटणीच्या पुड्यांतला भोंगा

आधीच सांगून टाकते, ते पुस्तक मी फाडलं. एक न्हाय, दोन न्हाय, माळ्यावरचे सगळेच्या सगळे गठ्ठे. कांदा-लसूण चटणीच्या पुड्या बांधाय कागद लागायचा आणि घरात कागद पडून हुता. आता ह्यात माझं काय चुकलं ते तुम्हीच सांगा. न्हाय, ऱ्हाऊ द्या, सांगू नका. चुकलं ते मला म्हाईत हाय. पण पुढं काय झालं ते ऐकल्याबगर कुणी माझ्या तोंडाला लागायचं न्हाय.

पुस्तक आमच्या ह्यांचं. सगळा कसबा बावडा ज्यास्नी हंबीरराव म्हणतोय, ते माझे मालक. साखर कारखान्यात हजेरी क्लार्क म्हणून जल्म काढला. पण तरणेपणी त्यांच्या डोक्यात कविता शिरलेली. कामावरनं सुटलं की सायकल मारत गावातल्या लायब्ररीत जायचं, इंग्रजी कवितांची पुस्तकं आणायची आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन बसायचं. आमच्या लग्नाला तीन वर्षं झालती तवा त्यांनी स्वतःच पुस्तक छापलं. नाव 'भोंगा', कारखान्याचा वाजतोय त्यो. सगळ्या पुस्तकात मिळून एकच लांबलचक कविता. यमक न्हाय, चाल न्हाय, एका पानावर चार शब्द आणि बाकीचं पान कोरं. मी म्हटलं, "आवं, कागदाचे पैसे पडलेत न्हवं, मग भरून तरी लिवायचं!"

त्या साली कारखान्याच्या गणपतीत ह्यांनी ती कविता वाचली. पहिल्या पानाला लोक गप. दुसऱ्याला कुजबूज. तिसऱ्या पानाला मागनं कोन तरी वरडलं, "हंबीरराव, एक लिंबू उतरून टाका की!" सगळा मांडव खदाखदा हसला. ह्यांनी पुस्तक मिटलं, खाली उतरले आणि त्या दिवसापासनं कवितेचं नाव काढलं न्हाय. गठ्ठे माळ्यावर गेले. दोन-तीन वर्षांनी मी चटणीचा धंदा काढला आणि माझा हात त्या गठ्ठ्यांवर पडला. आत पळसाचं पान, वरनं कविता, त्याच्यावर सुतळी. ह्यांनी कधी माळ्यावर बघितलंच न्हाय. दोन हजार पाचच्या महापुरात घरात पाणी आलं, तवा पहिल्यांदा इचारलं, "माझी पुस्तकं?" मी म्हटलं, "पुरानं नेली." नदी काय उलटून बोलणार हाय व्हय?

तर गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारी मी अंगणात मिरच्या भाजत हुते आणि तिघं जण फाटकातनं आत आले. पुढं एक पोरगी, केस बारीक कापलेले, काळा शर्ट. मागं दोन पोरं. मिरचीचा खाट नाकात गेला आणि तिघंबी अशी ठसकायलीत की मला वाटलं आता दवाखान्यातच न्यावं लागतंय.

पोरगी डोळं पुसत म्हणाली, "आज्जी, हंबीरराव सरांचं घर हेच न्हवं? मी क्रांती. ह्यो सम्मेद, ह्यो राजवीर. आमचा बँड हाय, 'भट्टी' नावाचा."

"लग्नात वाजिवता व्हय?"

"न्हाय ओ आज्जी! रॉक. पंक. लग्नात वाजिवलं तर नवरी पळून जाईल."

पोरगी मला तिथंच आवडली. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या लॅबमधी कामाला हुती आणि जोडीला इंग्रजीत एमए करत हुती. सम्मेद गिटार वाजवायचा. राजवीर तालमीत हलगी वाजवून वाजवून ड्रमवर आलेला. मी भाकरी आणि चटणी पुढं ठेवली, तर सम्मेद मागं सरला. "आज्जी, आम्ही जैन. घरात कांदा-लसूण न्हाय." म्हटलं, बाबा, तू माझ्या धंद्याच्या मुळावरच उठलास की! मग त्याला शेंगदाण्याची चटणी काढून दिली, बिनलसणाची.

तवर हे बाहेर आले. क्रांतीनं पिशवीतनं एक पिवळं पडलेलं पुस्तक काढलं आणि माझ्या हातातला झारा खाली पडला. 'भोंगा'. माझ्या तावडीतनं सुटलेलं एक पुस्तक! कुणाला तरी भेट गेलेलं असणार. पोरीला ते रद्दीच्या दुकानात घावलेलं.

"सर, हे तुम्हीच लिवलंय न्हवं?"

ह्यांनी पुस्तक उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाले, "ज्यानं लिवलं त्यो कवाच मेला, बाळ. च्या घ्या आणि निघा."

पण क्रांती हटणारी पोरगी न्हाय. तिनं मोबाइल काढला आणि बटण दाबलं. आणि काय सांगू तुम्हाला! आधी भोंग्यागत गिटार वरडली. मग ड्रम सुटला, धाड धाड धाड, आमच्या कोंबड्या पार गोठ्यात पळाल्या. आणि त्याच्यावर ही पोरगी नरड्याच्या शिरा ताणून ह्यांच्या पहिल्या पानावरचे चार शब्द वरडत हुती. चार शब्द, मग गप. परत चार शब्द, परत गप. ज्या कोऱ्या जागेवरनं मी ह्यांना टोमणे मारलेले, ती जागा तिथं सगळ्यात मोठ्यानं वाजत हुती.

गाणं संपलं. ह्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "परत लाव," म्हणाले. तीनदा ऐकलं. मग इचारलं, "हे तुला सुचलं कसं?"

झालं, पोरीच्या तोंडाला नळ सुटला. "सर, माझा अभ्यासच हाय ह्याच्यावर! इंग्लंडात पन्नास वर्षांमागं कारखाने बंद पडायलेले, पोरं रिकामी. त्यांनी गिटारी उचलल्या. वाजवाय धड येत न्हवतं, पण शब्द असले की अंगार! ते शब्द कुठनं आले? सगळे न्हाय, पण लै जणांनी कवींकडनं घेतले. त्यांच्या आजा-पणज्यांच्या वेळचे कवी. त्यांनी कविता आधीच मोडून ठेवलेली. यमक टाकलं, मधीच रस्त्यावरचा कालवा घातला, मधीच खानावळीतलं बोलणं, एका कवितेत धा जणांचे आवाज. आधी रॉकवाल्यांनी ते उचललं, मग पंकवाल्यांनी. आणि मला रद्दीत तुमचं पुस्तक घावलं, सर. मी उडालेच! त्यात तेच हाय, पण बावड्यातलं!"

"तेच असणार की," हे म्हणाले, आणि मी चाळीस वर्षांत न ऐकलेल्या आवाजात म्हणाले. "तेच कवी माझ्याबी मांडीवर हुते. डिक्शनरीसकट." मग हसलेच एकदम. "म्हंजे त्या गिटारीवाल्यांचा आजा आणि माझा आजा एकच की रं! आम्ही चुलतभावंडं निघालो!"

राजवीर वरडला, "नाद खुळा!" आणि चौघंबी अशी बोलाय लागली की माझ्या मिरच्या करपल्या तरी कुणाला शुद्ध न्हाय. मला राग यायला पायजे हुता. पण ह्यांचं तोंड बघितलं आणि राग कुठल्या कुठं गेला. लग्नात बघितलेलं माणूस परत अंगणात बसलेलं.

मग क्रांतीनं पुस्तकाचं मागचं पान उघडलं. शेवटची पानं फाटून गेलेली. "सर, पुढच्या रविवारी शाहूपुरीत आमचा कार्यक्रम हाय. सगळा 'भोंगा' वाजवायचाय, पयल्यापासनं शेवटपर्यंत. निस्ती शेवटची पानं पायजेत. तुमच्याकडं पुस्तक असंल न्हवं?"

"पुस्तकं पुरानं नेली," हे म्हणाले. मी उगंच करपलेल्या मिरच्या हलवाय लागले. "पण त्याला पुस्तक कशाला? मीच लिवलंय, पाठ हाय मला. लिहून घे." आणि छाती फुगवून त्यांनी तोंड उघडलं.

काही आलंच न्हाय. परत उघडलं. परत काही न्हाय. "सवाल-जवाब हुते," म्हणाले. "दर पानावर वर सवाल, खाली जवाब. पाच पानं हुती. काय बरं..." पोरं आपली खाली बघाय लागली. हे म्हणाले, "चार दिवस द्या. आठवतंय की, जातंय कुठं!"

ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला म्हाईत. माणूस पेन्सिल घेऊन बसलेलं असायचं. भाकरी पुढं तशीच. लिवायचं, खोडायचं, कागद चुरगाळायचा. बुधवारी तर डोकं भितीला टेकवून म्हणाले, "माझीच कविता गं, आणि मलाच येत न्हाय. त्या पुरानं घात केला बघ माझा."

आणि मी? मला ती सगळी पाठ हुती. पाच पानं, त्यातला शब्द अन् शब्द. पण तोंड उघडलं की दुसरा सवाल येणार, तुला कशी पाठ? मग काय सांगणार, नदीनं शिकिवली? पंचाहत्तरीला टेकलेला माणूस, त्याच्या जिवाचा एकच ठेवा, तो मी पुडी-पुडीनं इकून टाकला. कुणाला सांगायची गोष्ट हाय व्हय ही? दोनदा तोंडाशी आलं, दोनदा गिळलं.

शनिवारी पोरं गाडी घेऊन आली आणि आम्हा दोघांस्नी शिरोलीला घेऊन गेली. सम्मेदच्या काकाचा तिथं ओतकामाचा शेड हाय, सुट्टीच्या दिवशी तिथंच पोरांचा सराव चालतोय. एका बाजूला साचे, वाळूचे ढीग आणि मधी हे ड्रम, गिटार, काळे डबे. क्रांतीनं इचारलं, "सर, आठवलं?"

ह्यांनी खिशातनं कागद काढला. कोराच. "पोरी," म्हणाले, "शेवट गाळून टाक. भोंगा अर्ध्यातच बंद पडला म्हण." आणि माझ्याकडं पाठ करून डोळं पुसाय लागले.

बास झालं मग. मला माझीच एवढी चीड आली म्हणून सांगू! मी चपला काढल्या, पुढं गेले, त्या माइकची दांडी धरली आणि डोळं झाकून सुरू केलं.

"भोंगा कोण वाजवतं?
पिळून कोण निघालं?
कामावर कोण गेलं?
मागं कोण राहिलं?
कुणाला ऐकू गेलं?"

मी दम घेतला आणि खालचं म्हटलं.

"कुणी नाही. वाफ.
चुलीपाशी ती.
ऊस. आणि मी.
हजेरीपटावरचं नाव.
माझी सावली."

डोळं उघडले. राजवीरच्या हातातली ड्रमची काठी खाली पडलेली. क्रांतीनं दोन्ही हात डोक्यावर धरलेले. आणि हे माझ्याकडं बघत हुते.

"तुला कशी पाठ?"

"चटणीच्या पुड्यांमुळं," मी म्हटलं. "पुरानं न्हाय नेली. मी फाडली. पुडी छोटी, तिला अर्धं पान पुरायचं. म्हणून पानांची चळत घ्यायची, पट्टी ठेवून मधोमध फाडायची. आधी वरच्या तुकड्यांच्या पुड्या, मग खालच्यांच्या. बांधता बांधता वाचायची. तीच तीच पानं, तेच तेच शब्द, पाठ झाले. म्हणून सवाल एका चळतीत ऱ्हायले, जवाब दुसऱ्या. खालचे जवाब कसेबी मिसळले, कुठला जवाब कुठल्या सवालाचा मला म्हाईत न्हाय."

ह्यांनी एकच इचारलं, "सगळी?"

"सगळी."

हे आपली टेकायची काठी उचलून बाहेर गेले आणि वाळूच्या ढिगावर जाऊन बसले. मी खांबाला धरून उभी.

आणि इकडं ही क्रांती! अंगात आल्यागत नाचाय लागली. "आज्जी! आज्जी, तुम्हाला कळतंय काय केलंय तुम्ही? तिकडं कवी कात्री घेऊन बसायचे! लिहिलेला कागद कापायचा, तुकडे मिसळायचे आणि पडंल तसं जोडायचं! मोठमोठ्या गायकांनी त्यांचं बघून तसली गाणी केली! आणि तुम्ही हिकडं पट्टीनं..." सम्मेद आधीच गिटार लावाय लागलेला. "आधी सगळे सवाल एका दमात," तो म्हणत हुता, "मग सगळं बंद, मग जवाब आदळायचे. कुणाचा कुणाला न्हाय. जाळ होतोय बघ!"

"गप बसा रं," मी म्हटलं. "तुमचं गाणं झालं, माझं घर मोडलं."

खरं सांगू? माझ्या मनात एक जुना डंख हुता. 'चुलीपाशी ती.' ती म्हंजे मीच की, दुसरी कोण? पुडी बांधताना पहिल्यांदा ते वाचलं आणि मला वाटलं, हा 'मागं कोण राहिलं?' ह्याचा जवाब. म्हंजे ह्यांच्या लेखी हे पुढं गेले, कवितेत गेले, इंग्रजीत गेले आणि ही बया ऱ्हायली मागं, फुंकणी घेऊन. लै लागलं मला ते. मग पुढचे गठ्ठे मी जरा जोरातच फाडले. हे मात्र मी शेडमधी बोलले न्हाय. ते ह्यांनाबी कधी बोलले न्हाय.

अर्ध्या तासानं हे आत आले. माझ्याकडं बघितलंबी न्हाय. क्रांतीला म्हणाले, "सवाल तू म्हण. जवाब मी म्हणणार. फाडलेत तसेच ऱ्हाऊ देत. पण एक मी त्याच्या खऱ्या जागेवर नेणार हाय. कसं ते उद्या कानात सांगतो, आता सराव न्हाय." पोरं एकमेकांकडं बघाय लागली. गाडीत हे पुढं बसले, मी मागं. घरी आल्यावर जेवले, पण मीठ सुद्धा मागितलं न्हाय. पंचेचाळीस वर्षांत असलं मुकं जेवण झालेलं न्हाय आमच्याकडं.

रविवारी संध्याकाळी हॉल भरलेला. कालेजची पोरं, फाउंड्रीतली पोरं, राजवीरची सगळी तालीम. शेजारच्या बनाबाई मला धरून घेऊन आलेल्या. मी म्हटलं, मी येत न्हाय. तर म्हणाल्या, "चल की, नवरा स्टेजवर उभा ऱ्हायला निघालाय आणि तू काय तवा घासत बसतीस?" मी मागनं तिसऱ्या ओळीत बसले. डोक्यात एकच, परत कोन तरी वरडलं तर? परत मांडव हसला तर ह्या वयात माणूस उठायचं न्हाय त्यातनं. आणि आत्ता तर त्यांच्या कवितेचे माझ्या हातचे तुकडे झालेले.

सुरू झालं. आईशप्पथ सांगते, भित हालत हुती! पोरं उभी ऱ्हाऊन उड्या मारायलीत, क्रांती वरडायली, कोऱ्या जागा आल्या की सगळा हॉल श्वास धरून गप. कुणी हसलं न्हाय. बनाबाईंनी कानात पदराचे बोळे घातले आणि तरीबी मान हालवत हुत्या! मी कवा उठून उभी ऱ्हायले माझं मला कळलं न्हाय.

मग शेवट आला. हे स्टेजवर चढले. पांढरा सदरा, टोपी, हातात काठी. टाळ्या, शिट्ट्या. क्रांतीनं एका दमात सवाल टाकले. भोंगा कोण वाजवतं? पिळून कोण निघालं? कामावर कोण गेलं? मागं कोण राहिलं? आणि चारच टाकून थांबली. राजवीरचा ड्रम थांबला.

ह्यांनी माइक धरला.

"कुणी नाही. वाफ. ऊस. आणि मी. हजेरीपटावरचं नाव. माझी सावली."

चारच जवाब. माझी ओळ गाळलेली. गाळली, म्हटलं. फाडलं म्हणून मला कवितेतनंच काढून टाकली. बरोबरच हाय, माझ्यासारखीला हेच पायजे. मी बनाबाईंचा हात सोडला आणि दाराकडं वळले.

तवर मागनं क्रांतीचा आवाज आला. ह्या खेपेला वरडली न्हाय ती. साधं इचारल्यागत म्हणाली, "कुणाला ऐकू गेलं?"

मी वळून बघितलं. हे गर्दीत शोधत हुते, डोळ्यांवर आडवा हात धरून. मी दिसले. मग माइक तोंडाशी नेला आणि माझ्याकडं बघत म्हणाले,

"चुलीपाशी ती."